मालवणले स्कूबा कराले चाललो, पण शार्कचं काय? कोनी केलं असंल तं सांगा

कपाशीवाला_दारव्हा

राजेहो नमस्कार. प्रश्न जरा येड्यावानी हाय, हासाचं असंल तं हासा पन उत्तर देऊन हासा.

झालं असं का माह्या साळ्यानं पुन्यात बसूनच डिसेंबरातलं मालवनचं सारं बुकिंग करून टाकलं, हॉटेल, गाडी, किल्ला अन् त्यातच स्कूबा डायविंग, माणशी पैसे भरून मोकळा. मले इचारलं बी नाई. म्हंते, दाजी तुमचा कपाशीचा दुसरा वेचा झाला का निघा, पुन्यापर्यंत ट्रॅव्हल्सनं या पुढं माही गाडी हाय. बायको तयार. तिले एक हात पोहता येत नाई तरी तयार. अन् मी लहानपनापासून विहिरीत सूर मारनारा मानूस, आमच्या विहिरीले पावसाळ्यात सहा परस पानी राह्यते, दम धरून बुडी मारून तळाची माती मुठीत आनून दाखवनारा मी, अन् मीच मांगं-पुढं करून राह्यलो.

कारन असं का परवा फोनवर एक व्हिडिओ आला. एक जन पाठीवर सिलिंडर लावून पान्याखाली निवांत चालला हाय अन् मांगून हे भल्लं मोठं धूड, शार्क, जबडा उघडा, त्याले पत्ताच नाई. पुढं काय झालं ते दाखवलंच नाई तेच्या मायला. तो व्हिडिओ आमच्या मायनं बी पायला (चूक माहीच, मीच दाखवला) अन् तवापासून घरात एकच चालू हाय, "विहीर कमी पडली काय तुले?"

तं इचाराचं असं, मालवनच्या पान्यात शार्क राह्यते काय? अन् समोर आलीच तं काय कराचं? विहिरीत साप निंगाला तं आपल्याले समजते, गप राहाचं, त्याले वाट द्याची, तो आपला कपारीत जाते. हिचं काय? अन् पोहता न येनाऱ्या मानसाले खाली नेतेच कसे हे लोक?

मुन्ना_अकोलेवाला

भाऊ तुमी दारव्ह्याचे. तुमाले पाहून शार्कच पयते का नाई पाहा.

ताडोब्याचा_शेजारी

हसण्यावारी नका नेऊ रे, प्रश्न बरोबर आहे त्याचा.

मी भद्रावतीकडचा. शार्क कधी पाहिली नाही पण वाघाच्या शेजारी जन्म काढला म्हणून सांगतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की पहिला प्रश्न, वाघ घरात येत नाही का, रात्री झोप कशी लागते. त्याला वाटते की वाघ म्हणजे चोवीस तास माणूसच शोधत फिरून राहिला. आम्हाला माहीत आहे तो कसा आहे. मोहफुलं वेचायला पहाटे एकट्यानं जायचं नाही, तेंदूपत्त्याला गटानं जायचं, बोलत जायचं, अन् खाली वाकून, उकिडवं बसून काम करताना मागं लक्ष ठेवायचं, कारण उभा माणूस त्याला माणूस दिसते पण वाकलेला माणूस त्याला जनावर वाटते. आमच्याकडं जे गेले त्यातले किती तरी असेच गेले, वाकलेले. म्हणजे धोका नाही असं मी म्हणत नाही, आमच्या जिल्ह्यात तर म्हणूच शकत नाही, तेंदूच्या दिवसात दर साली बातम्या येतात. पण धोका कुठं आहे ते ओळखलं की मग दिवसभर घाबरत नाही बसत माणूस.

शार्कचं पण असंच काही असेल असा माझा अंदाज. जाणकारांनी सांगावं.

पाण्यातला_पोट्टा

जाणकार आला भाऊ 😄

मी आर्वीकडचा, सध्या अंदमानात हॅवलॉकला (आता कागदोपत्री स्वराज द्वीप) डाइव्हमास्टर आहे, त्याआधी दोन सीझन तारकर्लीत काढले. घरी अजून सांगतात पोरगा "बोटीवर" आहे म्हणून. लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी मालवण. तुम्हाला जे नेतील ते ट्राय डाइव्ह, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास किंवा तारकर्लीच्या बाजूच्या खडकांपाशी, १५ ते ३० फूट फार तर. एक गडी तुमची टाकी मागून धरूनच असतो, तुम्हाला हात-पाय मारायचं कामच नाही, म्हणून वहिनींना पोहता येत नाही तरी नेतात. तिथं पोपट मासे, काळे-पिवळे पट्ट्यांचे मासे, थोडं प्रवाळ, एवढं दिसते. पाणी अंदमानसारखं काचेचं नाही, दिवाळीनंतर बरं होते तरी कधी पाच-सात मीटर पुढचं दिसलं तर त्या दिवशी नशीब. दोन सीझनमध्ये मला तिथं खडकाखाली एकही शार्क दिसली नाही. बाजारात मात्र रोज दिसायची, ते पुढं सांगतो.

इकडं अंदमानात उलटं आहे. इथं लोक शार्क दिसावी म्हणून पैसे भरतात अन् दिसली नाही की तोंड पाडून बसतात. ताडोब्याच्या भावाला हे बरोबर कळेल, चार-चार सफाऱ्या करून वाघ न दिसलेले लोक असतात ना, तसेच. जॉनीज गॉर्ज नावाची जागा आहे, २५-३० मीटरवर खडकांचे ढीग, तिथं व्हाइटटिप रीफ शार्क असतात, साधारण तुमच्या-माझ्या उंचीच्या किंवा थोड्या कमी. माझी पहिली शार्क तिथलीच. मी शिकाऊ होतो, पुढच्या सरांनी हात उभा करून कपाळावर ठेवला (पाण्यात बोलता येत नाही तर शार्कची खूण तीच, पाठीवरच्या परासारखा हात) अन् माझ्या पोटात गोळा. मी इकडं पाहतो तिकडं पाहतो, अन् ती बाई खाली खडकाच्या सावलीत वाळूवर आरामात पडलेली, दुपारी गोठ्यात म्हैस पडते ना तशी, नुसते कल्ले हलून राहिले. आपल्याला शाळेत-टीव्हीवर सांगितलं की शार्क थांबली की मरते. काही जातींचं खरं आहे ते, त्यांना पोहत राहूनच कल्ल्यातून पाणी काढावं लागते, पण ही जात बसून तोंडानं पाणी ओढू शकते. आम्ही जरा जवळ गेलो तर उठली, अन् आम्ही पाहतच राहिलो इतक्या निवांतपणे निघून गेली. माझा तर दम इतका फुलला होता की टाकीतली हवा इतरांच्या आधी संपत आली, टाकीचा काटा ५० बारवर आला अन् सगळ्यांना माझ्यापायी वर यावं लागलं. शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

म्हणजे शार्कनं काही केलं नाही, जे केलं ते माझ्या घाबरण्यानं केलं.

आता समोर आली तर काय कराल. पळायचं नाही, झटापट करायची नाही, हात-पाय अंगाशी. पाण्यात उभं राहायचं, तोंड तिच्याकडं ठेवायचं, पाठ खडकाला किंवा बडीला (सोबतच्या डाइव्हरला). तिच्या मागं मोबाइल-कॅमेरा घेऊन धावायचं नाही, शेपटी धरायला तर अजिबातच नाही (लोक धरतात, खरंच धरतात). ग्रे रीफ शार्क नावाची एक आहे, ती चिडली तर आधी सांगते, पाठ वाकवते, बाजूचे पर खाली पाडते अन् अंग आखडून वेडंवाकडं पोहते. गावातलं कुत्रं केस उभे करून गुरगुरते ते आपल्याला समजते ना, तसंच हे समजायचं अन् हळूहळू मागं सरकायचं. बाकी आपल्या सिलिंडरचे बुडबुडे, तो आवाज, त्यांना बहुतेक आवडतच नाही, डाइव्हर आला की त्याच दूर जातात.

अन् भाऊ, तुमच्या प्रश्नात खरी भीतीची गोष्ट शार्क नाहीच. तुम्ही लिहिलं ना, दम धरून बुडी मारून तळाची माती आणतो. ते वाचून मी दचकलो. विहिरीत आपण वरची हवा छातीत घेऊन खाली जातो, ती खाली दबते अन् वर येताना जेवढी होती तेवढीच होते, म्हणून चालते. स्कूबात तुम्ही खालीच हवा घेता. १० मीटरवर, म्हणजे साधारण तुमच्या सहा परसाच्या विहिरीच्या तळाशी, दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथं छाती भरून हवा घेतली, दम धरला अन् तसेच वर आले तर तीच हवा वर येता येता दुप्पट जागा मागते. फुगा जास्त भरला की काय होते? तेच फुफ्फुसाचं होते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, दम धरायचा नाही. श्वास चालू, सतत चालू, हळू अन् लांब. पोहता न येणाऱ्या वहिनींना हे सोपं जाईल, त्यांच्याकडं मोडायला जुनी सवयच नाही. तुम्हाला जड जाईल, आत्ताच सांगून ठेवतो.

वाडेकर_गुरुजी

एकतर्फी चित्र नको म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे पकडायला उतरलेल्या एका तरुणाचा पाय शार्कनं फाडला होता, सगळ्या पेपरात बातमी होती. हे महाराष्ट्रातच झालं ना? मग "शार्क काही करत नाही" असं सांगून लोकांना पाण्यात उतरवणं कितपत बरोबर? ज्यांचा धंदा त्यावर चालतो ते असंच सांगणार.

पाण्यातला_पोट्टा

गुरुजी बरोबर बोललात, धंदा आहेच माझा, नाकारत नाही. अन् ती घटना पण खरी. पण "काही करत नाही" असं मी लिहिलेलं नाही, परत वाचा.

खाडीत, तेही नदीकडं इतक्या आत शिरणारी म्हणजे बहुतेक बुल शार्क. जगात पाचशेच्या वर जाती आहेत शार्कच्या, त्यातल्या माणसाला खरोखर धोकादायक म्हणतात त्या मुख्यतः तीन, ग्रेट व्हाइट, टायगर अन् बुल. बुल शार्कचं वेगळं काय तर तिला गोडं पाणी चालते, नदीतून वर जाते. अन् खाडीचं पाणी गढूळ, एक हात पुढचं दिसत नाही, त्यात कंबरभर पाण्यात उभा माणूस, आजूबाजूला मासे, जाळं, मासळीचा वास. अशा पाण्यात ती डोळ्यानं नाही, वासानं अन् हालचालीनं शोधते. म्हणून गढूळ पाण्यात, नदीच्या मुखाशी, संध्याकाळी, मासे मारतात तिथं, अशा जागी पोहू नये हे जगभर सांगतात. ताडोब्याच्या भावानं पहाटे एकट्यानं मोहफुलाला जाऊ नये म्हटलं ना, त्यातलाच प्रकार.

अन् आकडे पाहिजे तर अमेरिकेत फ्लोरिडाच्या म्युझियममध्ये जगभरातल्या शार्कच्या हल्ल्यांची नोंद ठेवतात. माणसानं काही छेडलं नसताना चावल्याच्या घटना २०२३ मध्ये ६९ अन् २०२४ मध्ये ४७, साऱ्या जगात मिळून. त्यात जीव गेला १० जणांचा अन् ४ जणांचा. त्यातही जास्त लोक लाटांवर फळी घेऊन खेळणारे अन् वरवर पोहणारे, टाकी लावून खाली गेलेले फार थोडे. गुरुजी, आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून अंदाजे बारा लाख माणसं गेली. तरी आपण धुऱ्यावरून अनवाणी जातोच ना.

वाडेकर_गुरुजी

सापाशी तुलना नको. शेतात रोज कोट्यवधी लोक जातात, समुद्राच्या तळाशी किती जातात? भागाकार करून पाहा. पण गढूळ पाणी अन् खाडीचा मुद्दा मान्य. तेवढं ठळक लिहायला हवं होतं आधीच.

पाण्यातला_पोट्टा

भागाकाराचं मान्य गुरुजी 🙏 गणितात मी तेव्हापण कच्चाच होतो.

वैनगंगेचा_ढिवर

पवनीवरून. माझा धंदा मासोळीचा, आजा-पणजापासून. समुद्र पाहिला नाही पण पाण्याखालचा थोडा समजते.

एक गोष्ट खरी की मासोळी आपल्याला दिसायच्या आधी आपण तिला समजतो. नाव हळू लावली तरी मरळ पिल्लं घेऊन बाजूला होते. तिच्या अंगावर बाजूनं एक रेघ असते, पाणी हललं की त्या रेघेतून तिला समजते. पोट्ट्यानं सांगावं, शार्कला पण असते का ती रेघ?

दुसरा, ती बुल शार्क नदीतून वर येते म्हणता, तर वैनगंगा प्राणहितेला जाते, प्राणहिता गोदावरीला, गोदावरी समुद्राला. मग आमच्याकडं येईल का? 😀 गोसीखुर्दच्या खालच्या पोट्ट्यांना दोन दिवस भेव दाखवता येईल म्हणून विचारतो.

तिसरा. आमच्या सोसायटीच्या मिटिंगला एक साहेब आले होते, त्यांनी गुजरातच्या व्हेल शार्कची गोष्ट सांगितली होती, ती नीट आठवत नाही. कोणाला माहीत असेल तर लिहा.

पाण्यातला_पोट्टा

काका ती रेघ शार्कलाही असते. अन् वरून तिच्या नाकाच्या आजूबाजूला बारीक बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा पदार्थ, त्यातून तिला दुसऱ्या जिवाच्या अंगातली बारीकशी वीज कळते. हृदय धडधडते, स्नायू हलतो, तेव्हा जी अगदी नावाला वीज तयार होते ती. वाळूत पुरून बसलेला मासा ती न पाहता काढते. म्हणजे तुम्ही कितीही गप राहिले तरी तिला माहीत आहे तुम्ही आहात. मला हे कळल्यावर उलट बरं वाटलं. ती अचानक दचकून चावेल हा एक विचार कमी झाला.

पवनीपर्यंत नाही येणार काका, राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला इंग्रजांच्या वेळेपासून बंधारा आहे, त्याच्यावर बाकीचे वेगळे. पोट्ट्यांना भेव दाखवायला मगरच बरी.

व्हेल शार्क म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा. १२-१५ मीटरही भरते, आपल्या एसटीपेक्षा लांब. तिला लोक चुकून देवमासा म्हणतात पण देवमासा श्वास घ्यायला वर येते, ही कल्ल्यानं घेते, मासाच आहे. खाते काय तर पाण्यातले बारीक जीव, प्लँक्टन, तोंड उघडून पाणी गाळत जाते. (दारव्ह्याच्या भाऊ, तुमच्या व्हिडिओतला उघडा जबडा बहुधा हाच! अंगावर पांढरे ठिपके होते का बघा.) सौराष्ट्राच्या किनाऱ्याला वेरावळकडं हिची पूर्वी भरमसाट शिकार व्हायची, तेलासाठी, होड्यांच्या लाकडाला लावायला, नंतर मांस परदेशी जायचं. २००१ मध्ये वाघाच्या बरोबरीनं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकली. पण कायद्यानं मासेमार ऐकते का? मग २००४ पासून तिथं मोहीम झाली, कथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं की ही आपली "व्हाली" आहे, लाडकी, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते का? अन् लोकांनी ऐकलं. जाळ्यात सापडली तर जाळं कापून सोडतात, जाळ्याची भरपाई मिळते. आतापर्यंत शेकड्यांनी सोडल्या.

वैनगंगेचा_ढिवर

हो हो हीच. जाळा कापणं काय असते ते आमाले विचारा. एक जाळा म्हणजे एका सीझनची कमाई. भरपाई मिळो नाही मिळो, समुद्रात उभं राहून आपल्या हातानं जाळ्यावर कोयता चालवणं सोपा नाही. त्या लोकांना माझा रामराम.

सिस्टर_पुसद

सगळे शार्कवर बसलेत म्हणून मी कानावर लिहिते. दवाखान्यात असते, नाक-कान-घशाच्या विभागात बरीच वर्षं काढली.

सर्दी असेल तर उतरू नका. पैसे बुडाले तरी नका. नाक चोंदलेलं असलं की कानातला दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाशी जुळत नाही अन् पडदा आत ओढला जातो, फाटूही शकतो. खाली जाताना दर दोन-तीन फुटाला नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दुखायच्या आधी, दुखल्यावर नाही. जोर लावायचा नाही. नाही जुळलं तर थोडं वर या, परत करा, तरी नाही जुळलं तर वर. लाजायचं नाही. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, पोटुशी बाई, यांनी जाऊच नये. तिथं एक फॉर्म भरायला देतात, आपले लोक न वाचता सगळीकडं "नाही, नाही, नाही" टिक करून सही ठोकतात. तो वाचा. भाऊ, तुमच्या बायकोचा बीपी वगैरे काही असेल तर आधी इथल्या डॉक्टरला विचारून घ्या.

पाण्यातला_पोट्टा

ताईंचा मेसेज स्क्रीनशॉट मारून ठेवा सगळ्यांनी. त्यात माझी एक भर, पाण्यात गेल्यावर त्याच दिवशी विमान नको अन् घाट पण नको. एकदाच अन् उथळ गेलात तरी १२ तास, दोन-तीनदा गेलात तर १८ तास थांबा. साळ्याला सांगा, रात्री मालवणातच मुक्काम, घाट दुसऱ्या दिवशी चढायचा.

कपाशीवाला_दारव्हा

बाप्पा एवढं लिहिलं तुमी लोकायनं, लय आभार. व्हिडिओ परत पायला, ठिपके हायेत! पांढरे ठिपके! मायले दाखवलं, म्हटलं हे गवत खाल्ल्यावानी हाय, गाईसारखी. माय म्हंते गाय बी लाथ मारते.

जाऊन येतो अन् सांगतो. काल टाक्यात तोंड बुडवून श्वास "चालू ठेवाची" प्रॅक्टिस केली, निरा नाकात पानी गेलं. 

मुन्ना_अकोलेवाला

टाक्यात सिलिंडर नसते भाऊ 😂😂

कपाशीवाला_दारव्हा (१९ दिवसांनंतर)

आलो राजेहो. जिता हाय.

शार्क नाई दिसली. पन बाकी जे झालं ते आयका. सकाळी सातले बोटीवर नेलं, बोटीत आमी चौदा जन अन् ज्यायच्याकडं गेलो ते लय घाईत, नाव नाई घेत, पन फॉर्म बोटीत बसल्यावर दिला, पेन एकच, सिस्टरताई म्हनल्या तसं समदे "नाही नाही" टिक करत होते. मी मात्र वाचला, साळा वैतागला. शिकवनं पाच मिनिटाचं, त्यात दोन मिनिटं फोटोसाठी बोटं कशी कराची ते.

आधी बायको उतरली. मले वाटलं आता बोंबलते, आता वर येते. वीस मिनिटं खाली! वर आली तं डोये असे मोठ्ठे झालेले, काही बोलेचना, मंग म्हंते "निळा मासा माह्या हातापाशी उभा होता". बस एवढंच, दिवसभर तेच.

मंग मी. पोट्ट्या, तू म्हनला तेच झालं. डोकं पान्यात गेलं का माहा दम आपोआप बंद. तीस वर्षांची सवय हाय ना. मांगचा पोरगा पाठीवर थापा मारे, हातानं खून करे, श्वास घे, श्वास घे. मी घेवो अन् परत धरो. तोंडात ते रबर, नाक बंद, छाती म्हंते धर, तो म्हंते सोड. आठ-धा फुटावर कान असा दुखला का सुई टोचल्यावानी. नाक धरून फुंकलं, एक कान सुटला, डावा काही सुटे ना. वर हात दाखवला. वर आनलं. परत एकदा गेलो, तेच. मंग म्हटलं जाऊ द्या. सिस्टरताईचं वाक्य आठवलं, लाजाचं नाई. तरी लाज वाटलीच, विहिरीतला पट्टीचा पोहनारा बोटीत टॉवेल घेऊन बसला अन् पोहता न येनारी बायको समुद्राच्या तळाशी.

पन त्या दोन येळेस जे पाच-सात मिनिट खाली होतो त्यात एक समजलं. तिथं पान्याले आवाज हाय. विहिरीत नुसता गुम्म राह्यते, तिथं कुडकुड कुडकुड काहीतरी चालूच होतं, पऱ्हाटी वाळल्यावर उन्हात तडकते ना तसं. ते काय असते?

अन् शार्कचं मन्साल तं संध्याकाळी मालवनच्या मासोळी बाजारात गेलो. ओळीनं पडल्या होत्या. दीड-दोन फुटाच्या, टोकदार नाक, कातडी हात फिरवला तं पॉलिशपेपरावानी. म्हटलं हे काय, तं बाई म्हंते मोरी. साळा म्हंते दाजी हेच शार्कचं पोर. रात्री खानावळीत मोरीचं कालवन आलं, तिखट-नारळाचं. काटाच नाई, नुसती मधली कुरकुरीत हड्डी. बरी लागली, खोटं कावून सांगू. तिकून मायचा फोन, "दिसली काय ते? खाल्लं तं नाई ना तुले?" म्हटलं नाई माय, ताटात हाय.

पाण्यातला_पोट्टा

भाऊ तुम्ही दोन्ही वेळेस वर आलात ते एकदम बरोबर केलं, मी इथं रोज पाहतो, लाजेपायी लोक कान फोडून घेतात. वहिनींना सांगा कोर्स करा, ओपन वॉटर म्हणतात, चार दिवसाचा, १८ मीटरपर्यंत जाता येते. त्यासाठी आधी पोहणं शिकावं लागेल, विहीर आहेच, मास्तर घरचाच.

तो कुडकुड आवाज बहुतेक झिंग्यांचा. स्नॅपिंग श्रिम्प, बोटाएवढा झिंगा, एक नांगी अशी जोरात मिटते की पाण्यात फटाका फुटतो. खडकात हजारोंनी असतात.

मोरी म्हणजेच मुशी, हाड नाही कारण शार्कच्या अंगात हाडच नसते, सगळं कुर्चा, आपल्या कानाच्या वरच्या कडक भागासारखं. तुम्ही पाहिली ती पोर असेलच असं नाही हो, टोकदार नाकाची जी आपल्या किनाऱ्याला जास्त मिळते ती मोठी होऊनच तेवढी राहते. पण मोठ्या जातींची पिल्लं पण त्याच ढिगात असतात, बाजारात ते वेगळं करत कोणी बसत नाही, अन् मोठ्या जातींना पिल्लं कमी अन् वयात यायला वर्षानुवर्षं लागतात, तिथं गडबड आहे. जगात वर्षाला अंदाजे दहा कोटी शार्क मरतात माणसाच्या हातानं. मी खाणं सोडलं. तुम्ही सोडा असं म्हणत नाही, माझा तर धंदा आहे, गुरुजी परत म्हणतील.

वाडेकर_गुरुजी

म्हणणार नाही. दहा कोटी हा आकडा मात्र भागाकार न करताही कळतो.

सिस्टर_पुसद

डावा कान आता कसा आहे? ऐकायला कमी येणं, भरल्यासारखं वाटणं, चक्कर, पाणी किंवा रक्त येणं, यातलं काही आहे का? अजूनही भरल्यासारखा वाटत असेल तर दाखवून घ्या. तेल टाकू नका. लसणाचं तर मुळीच नाही.

कपाशीवाला_दारव्हा

ताई कालच मायनं लसनाचं तेल टाकलं 🙁 उद्या यवतमाळले जातो दाखवाले.